वडिलांच्या डोक्याला २३ वर्षांपूर्वी मार लागला होता, आता विसरतात, हा त्या मारामुळे झालेला अल्झायमर का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६८ वर्षांचे. ४५ व्या वर्षी मोटारसायकलवरून पडले, काही तास बेशुद्ध होते, आयसीयूत होते, मग बरे होऊन परत त्याच नोकरीवर गेले आणि रिटायर होईपर्यंत काम केलं. गेल्या दीड वर्षापासून तोच तोच प्रश्न परत विचारतात, पैशाच्या हिशोबात चुकतात. दाखवलं तर "जुन्या मारामुळे आहे, त्यात वय" एवढंच सांगून पाठवलं. आणि तुम्हाला स्वतःला फुटबॉल खेळताना डोक्याला दोनतीनदा लागलंय, त्यामुळे तुमची झोप उडालीय. म्हणजे प्रश्न असा की बाबांना त्या अपघातामुळे अल्झायमर झाला का आणि उद्या मलाही होणार का.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, विसरण्याच्या तक्रारी घेऊन येणारे पेशंट बघण्यातच माझा बराचसा वेळ जातो आणि त्यात जुना अपघात असलेले नेहमीच असतात. बाबांना न तपासता त्यांचं निदान मी इथून करणार नाही, कोणीच करू नये. पण विचार कुठल्या क्रमाने करायचा, घरी काय आठवून ठेवायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगू शकतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, डोक्याच्या माराने अल्झायमरचा धोका वाढतो का. दुसरा, बाबांना आत्ता जे होतंय ते नक्की काय आहे. पहिल्याचं उत्तर "हो, बऱ्यापैकी पुरावा आहे, पण किती ते मारावर अवलंबून" असं आहे. पण पहिल्याचं उत्तर हाती आलं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही, आणि तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालेलं दिसतंय. फाइलवर "जुनी हेड इंज्युरी" असं लिहिलेलं दिसलं की सगळेच शोधायचं थांबवतात, डॉक्टर, घरचे, कधीकधी पेशंट स्वतःसुद्धा, कारण कारण सापडल्यासारखं वाटतं. अपघाताने धोका वाढतो हे खरं, पण धोका वाढलाय म्हणजे निदान झालं असं होत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

आता मार किती मोठा होता ते बघू. डोक्याला मार लागला म्हणताना लोक कपाटाचं दार लागून टेंगूळ आलं इथपासून ते महिनाभर कोमात होता इथपर्यंत काहीही सांगतात. माणूस किती शुद्धीवर आहे हे मोजायला आम्ही जीसीएस नावाचा १५ पैकीचा स्कोअर वापरतो, १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. बेशुद्धी अर्ध्या तासाच्या आत असेल तर सौम्यात धरतात, २४ तासांच्या वर गेली की गंभीर. पण २०-२५ वर्षांपूर्वीचे कागद कोणाकडे असतात, आणि बेशुद्ध किती वेळ होता हे तर ज्याला लागलं त्याला माहीतच नसतं, नातेवाईक अंदाजाने सांगतात. म्हणून मी एक वेगळा प्रश्न विचारतो, "अपघातानंतरची तुमची पहिली सलग आठवण कुठली?" शुद्धीवर आल्यावरही मेंदू काही काळ नवीन आठवणी साठवत नाही, माणूस बोलतो, जेवतो, ओळखतो, पण नंतर त्यातलं काही आठवत नाही. हा कोरा काळ एक दिवसाच्या आत असेल तर सौम्य, एक ते सात दिवस मध्यम आणि त्याहून जास्त तर गंभीर. बाबांना हे विचारा, जुन्या आठवणी अजून शाबूत असतील तर सांगतील. काही तास बेशुद्ध आणि आयसीयू म्हणजे तुमच्या वर्णनावरून निदान मध्यम तरी वाटतंय.

मेंदूत आत काय होतं हे जरा सविस्तर सांगतो कारण दुवा इथेच आहे. डोकं जोरात हलून अचानक थांबलं की मेंदूतले लांब तंतू, ज्यांना अ‍ॅक्झॉन म्हणतात, ते ताणले जातात. लगेच तुटतात असं नाही, पण त्यांच्या आतली वाहतूक अडते आणि जे प्रोटीन पुढे जायला निघालेलं असतं ते अडलेल्या जागी साचायला लागतं. त्यात एक असतं अमायलॉइड प्रिकर्सर प्रोटीन, एपीपी. मार लागल्यावर दोनतीन तासांत ते तंतूंमध्ये साचलेलं मायक्रोस्कोपखाली दिसतं. आता या एपीपीचे तुकडे होताना जो एक तुकडा सुटतो तो अमायलॉइड बीटा, म्हणजे अल्झायमरच्या मेंदूत ज्याच्या गाठी, प्लाक, सापडतात तोच. गंभीर माराने काही तासांत किंवा दिवसांत दगावलेल्या लोकांचे मेंदू १९९० च्या दशकात तपासले गेले तेव्हा साधारण ३० टक्क्यांत अमायलॉइडचे प्लाक सापडले, आणि त्यात तरुण लोकही होते ज्यांच्यात त्या वयात ते असायचं काही कारण नव्हतं.

हे वाचून लगेच असं वाटतं की बस, सिद्ध झालं, मार लागला त्या दिवशी अल्झायमर सुरू झाला. पण तसं सरळ नाहीये. हे लवकरचे प्लाक बहुतेक विरळ, पसरट असतात, आणि जे लोक वाचतात त्यांच्यातले बरेचसे पुढे नाहीसे होतात असं दिसतं, मेंदूत अमायलॉइड मोडून काढणारी एन्झाइम्स असतात ती आपलं काम करतात. मात्र बरीच वर्षं जगलेल्यांमध्ये परत चित्र बदलतं. एकच मध्यम किंवा गंभीर मार लागून एक वर्षापासून ते कित्येक दशकं जगलेल्या लोकांचे मेंदू २०१२ मध्ये एका अभ्यासात बघितले होते, त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांत प्लाक आणि टाऊ नावाच्या दुसऱ्या एका प्रोटीनच्या गुंत्या दोन्ही त्यांच्या वयाच्या मानाने जास्त आणि जास्त पसरलेल्या होत्या. म्हणजे मधल्या काळात काहीतरी हळूहळू चालू राहतं, पण सगळ्यांमध्ये नाही.

ते काय चालू राहतं यावर अजून काम सुरू आहे, पण तीनचार गोष्टी बऱ्यापैकी माहीत आहेत. टाऊ हे प्रोटीन तंतूंच्या आतला सांगाडा धरून ठेवतं, ताण बसला की ते सुटतं, त्याच्यावर फॉस्फेट चढतं आणि ते एकमेकांना चिकटायला लागतं. दुसरं, मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी माराने खवळतात आणि काहींच्या मेंदूत त्या शांतच होत नाहीत, एका मारानंतर १८ वर्षांनीही त्या चाळवलेल्या अवस्थेत सापडल्यात. तिसरं, झोपेत मेंदूतलं द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेने फिरून नको असलेली प्रोटीन्स बाहेर काढतं, ही व्यवस्था माराने बिघडते असं २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलंय, माणसात ते मोजणं अजून अवघड आहे. आणि चौथं म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान, याकडे मला वाटतं जरा कमीच लक्ष दिलं जातं.

या सगळ्यापेक्षा वेगळा अजून एक मार्ग आहे आणि पेशंट बघताना मला तो खूपदा जाणवतो. अपघात अल्झायमर निर्माण करत नसला तरी मेंदूची शिल्लक खर्च करून जातो. ज्याच्या खात्यात भरपूर शिल्लक आहे त्याला पुढे दरवर्षी थोडे थोडे पैसे वजा झाले तरी बरीच वर्षं कळत नाही, आणि ज्याची अर्धी रक्कम एका फटक्यात गेली त्याचा खडखडाट लवकर होतो, वजा व्हायचा वेग तोच असला तरी. म्हणजे ज्या माणसाला अल्झायमर एरवी ७५ व्या वर्षी जाणवला असता त्याला तो ६८-७० ला जाणवेल. हे आकडे फक्त समजायला दिलेत, असा नेमका हिशोब कोणाला करता येत नाही.

आता लोकसंख्येवरचे अभ्यास. यात एकमत नाहीये आणि ते तसं सांगितलेलंच बरं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन नौदल आणि मरीनच्या माजी सैनिकांवरचा २००० सालचा अभ्यास खूप वेळा सांगितला जातो, कारण त्यात मार लागल्याचा पुरावा त्यावेळच्या लष्करी हॉस्पिटलच्या कागदांवरून घेतला होता, आठवणीवरून नाही. मध्यम मार लागलेल्यांमध्ये अल्झायमरचा धोका साधारण सव्वादोन पट, गंभीरमध्ये साडेचार पट निघाला, सौम्यमध्ये ठोस काही निघालं नाही. मग २०१८ मध्ये डेन्मार्कमधला खूप मोठा अभ्यास आला, जवळपास २८ लाख लोकांच्या नोंदी. त्यात डोक्याला मार लागलेल्यांना कुठल्याही प्रकारच्या डिमेन्शियाचा (स्मरण आणि विचार बिघडवणारे आजार, अल्झायमर हा त्यातलाच एक) धोका २४ टक्क्यांनी जास्त निघाला आणि एकट्या अल्झायमरचा १६ टक्क्यांनी. पाच किंवा जास्त वेळा मार लागलेल्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका अडीच पटीच्या वर गेला.

२४ टक्के ऐकून लोक समजतात की चारातल्या एकाला होणार. तसं नसतं हो. समजा १०० लोकांपैकी १० जणांना तसाही डिमेन्शिया होणार होता, तर त्या जागी १२ जणांना होईल. उरलेल्या ८८ जणांना मार लागूनही होत नाही. ही गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे, त्यावर खाली येतो.

आणि उलट्या बाजूचाही पुरावा आहे. २०१६ मध्ये तीन मोठ्या अमेरिकन अभ्यासांची माहिती एकत्र केली, ७ हजारांवर वयस्कर लोक, त्यातल्या दीड हजारांवर लोकांचे मेंदू मृत्यूनंतर तपासलेले. बेशुद्ध होण्याइतका मार लागलेल्यांमध्ये पार्किन्सन आणि लुई बॉडीज, म्हणजे पार्किन्सनसारख्या आजारांत मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या प्रोटीनच्या गोळ्या, जास्त सापडल्या, पण अल्झायमरचे प्लाक आणि गुंत्या जास्त सापडल्या नाहीत. म्हणजे मारानंतर येणारा डिमेन्शिया प्रत्येक वेळी अल्झायमरच असतो हे गृहीतकच कच्चं आहे. मला स्वतःला हे पटतं. माराचा इतिहास असलेल्या पेशंटमध्ये चित्र बऱ्याचदा मिश्र असतं, थोडं अल्झायमरसारखं, थोडं रक्तवाहिन्यांचं, थोडं जुन्या जखमेचं. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया कमिशनने डोक्याच्या माराला टाळता येण्यासारख्या कारणांच्या यादीत घेतलं, २०२४ च्या यादीत अशी १४ कारणं आहेत आणि ती सगळी मिळून जगातल्या जवळपास ४५ टक्के डिमेन्शियाला जबाबदार धरलीत, त्यात डोक्याच्या माराचा वाटा साधारण ३ टक्के. बहिरेपण आणि वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल दोन्ही यापेक्षा वर आहेत, जाता जाता सांगतो.

अजून एक भानगड म्हणजे उलटं कार्यकारण. अल्झायमर सुरू झालेला माणूस तोल जाऊन, अंदाज चुकून पडतो, डोकं आपटतं, हॉस्पिटलात जातो आणि तिथे किंवा नंतर काही महिन्यांत डिमेन्शियाचं निदान होतं. घरचे म्हणतात पडल्यापासून विसरायला लागले. नीट खोदून विचारलं की कळतं वर्षभर आधीपासून चुका होत होत्या. स्वीडनच्या ३० लाखांवर लोकांच्या अभ्यासात म्हणूनच धोका मारानंतरच्या पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त दिसला, मग उतरला, पण ३० वर्षांनंतरही थोडा उरला होता. बाबांचा मार २३ वर्षांपूर्वीचा त्यामुळे ही शंका त्यांच्या बाबतीत नाही. गेल्या दोनतीन वर्षांत परत कधी पडलेत का, हे मात्र विचारा.

बॉक्सरांचा विषय कोणीतरी काढणारच म्हणून तोही सांगून टाकतो. सारखे छोटे छोटे मार बसत राहिले तर होतो तो सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) हा वेगळा आजार आहे. १९२८ मध्ये मार्टलंड यांनी बॉक्सरांमध्ये त्याचं वर्णन केलं, पुढे २००० नंतर अमेरिकन फुटबॉलपटूंमुळे तो गाजला. त्यात टाऊ मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतं, अल्झायमरमध्ये त्याची सुरुवात आणि पसरण्याचा क्रम वेगळा असतो. आयुष्यात एकदा झालेल्या अपघाताने सीटीई होतो असं मानत नाहीत.

आता बाबांकडे येऊ, मूळ मुद्दा हा आहे.

मी पहिल्यांदा घटनाक्रम बघतो. डोक्याच्या माराने झालेलं नुकसान सुरुवातीला सगळ्यात जास्त असतं, मग पहिले सहा महिने झपाट्याने सुधारतं, वर्ष-दोन वर्षं हळूहळू सुधारत राहतं आणि मग एका पातळीवर थांबतं. त्या पातळीवर माणूस थोडा चिडका झाला, लवकर थकतो, एका वेळी दोन कामं जमत नाहीत, असं काहीबाही उरू शकतं. पण ते तिथे स्थिर राहतं. तुमच्या वडिलांनी त्यानंतर जवळपास १५ वर्षं तीच नोकरी केली, म्हणजे ते सावरले होते. मग गेल्या दीड वर्षात जे घसरायला लागलं ते जुन्या जखमेचं उरलेलं दुखणं कसं असेल? ही नवीन घटना आहे आणि तिचं कारण नव्याने शोधायला हवं. "जुन्या मारामुळे आहे" हे उत्तर मला इथेच अपुरं वाटतं. जुन्या माराने जमीन तयार केली असेलही, पण आत्ता काय चाललंय ते त्यातून कळत नाही.

दुसरं म्हणजे विसरण्याचा प्रकार. क्लिनिकमध्ये आम्ही शब्दांची यादी किंवा छोटी गोष्ट सांगतो आणि वीस-तीस मिनिटांनी परत विचारतो. जुन्या माराचा पेशंट बऱ्याचदा अडखळतो, दोनच शब्द सांगतो, पण "त्यात एक फळ होतं" असा इशारा दिला की पटकन सांगतो. म्हणजे गोष्ट साठली होती, काढायला वेळ लागत होता. लक्ष देणं, वेग, योजना आखणं, हे त्याचे कच्चे दुवे. अल्झायमरमध्ये मात्र इशारा देऊनही फायदा होत नाही, कधीकधी यादीत नसलेलाच शब्द ठामपणे सांगतात, आणि थोडा आजार पुढे गेला असेल तर यादी सांगितली होती हेच आठवत नाही, कारण ती साठलीच नाही. तोच प्रश्न परत परत विचारणं हे त्यामुळे होतं. तुम्ही लिहिलंय ते वर्णन मला या दुसऱ्या बाजूला झुकणारं वाटतं, पण फक्त वाटतं, कारण नैराश्यात किंवा झोप बिघडल्यावरही लोक असं करतात. सविस्तर न्यूरोसायकॉलॉजीची टेस्ट करून घ्या, पाच मिनिटांच्या प्रश्नावलीवर हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत.

वासाबद्दल एक छोटी गोष्ट. इंटरनेटवर तुम्ही वाचाल की वास न येणं हे अल्झायमरचं लवकरचं लक्षण आहे. ते खरं आहे, पण डोक्याच्या माराने वासाच्या नाजूक नसा कवटीच्या तळाशी तुटतात आणि कायमचा वास जातो, तेव्हा बाबांना अपघातापासूनच वास येत नसेल तर ते लक्षण त्यांच्यासाठी मोजायचं नाही.

एमआरआय करायला सांगतील तेव्हा रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी शोधायच्या. जुन्या माराच्या खुणा साधारण कपाळामागच्या भागाच्या तळाला आणि कानशिलामागच्या भागाच्या टोकाला असतात. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवीन आठवणी साठवणारा भाग, आणि मागच्या बाजूचा पॅरायटल भाग आकसतो. अडचण अशी की गंभीर माराने हिप्पोकॅम्पसलाही इजा होते, त्यामुळे एकच एमआरआय बघून खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच अपघातानंतरचा एखादा जुना सीटी किंवा एमआरआय सापडला तर तो सोन्यासारखा. माळ्यावर शोधा, खरंच शोधा. त्यावेळचा आणि आत्ताचा शेजारी शेजारी ठेवले की कुठली खूण जुनी आणि काय नव्याने आकसलंय ते लगेच दिसतं.

आता ज्या गोष्टी "जुना मार" म्हणून फाइल बंद केली की हमखास निसटतात त्या. एक, सबड्युरल, म्हणजे कवटीच्या आत मेंदूवर हळूहळू साठणारं रक्त. वयस्कर माणसात अगदी साध्या धक्क्यानंतर, जो आठवतही नाही, काही आठवड्यांनी गोंधळ, सुस्ती, चालण्यात फरक दिसायला लागतो, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. बहुतेक वेळा ऑपरेशनने बरं होतं. बाबा दिवसागणिक किंवा आठवड्यागणिक बिघडत असतील, डोकं दुखत असेल, एक बाजू कमजोर वाटत असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, आजच स्कॅन करा. दोन, मेंदूत पाणी साठणं, हायड्रोसेफलस, जो माराने होऊ शकतो, यात पाय जमिनीला चिकटल्यासारखं चालणं आणि लघवीवरचा ताबा जाणं विसरण्याबरोबर येतं. तीन, फिट्स. मोठ्या फिट्स सगळ्यांना कळतात, पण जुन्या जखमेतून येणाऱ्या छोट्या फिट्समध्ये माणूस मिनिटभर शून्यात बघतो, ओठ चावल्यासारखे करतो आणि तो वेळ त्याला आठवत नाही. घरच्यांना वाटतं विसरले. मारानंतर कित्येक वर्षांनी त्या सुरू होऊ शकतात. चार, पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन्स सोडणाऱ्या ग्रंथीची कमतरता, ही माराने होते आणि क्वचितच कोणी तपासतं, थकवा आणि मंदपणा म्हणून दिसते. मग नेहमीचं म्हणजे थायरॉइड, बी-१२, सोडियम, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, दारू. आणि गोळ्या! झोपेच्या गोळ्या, अ‍ॅलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, लघवी रोखायच्या काही गोळ्या, या वयस्कर मेंदूला, त्यातून आधी मार खाल्लेल्या मेंदूला, फार बाधतात. गोळ्यांची यादी नीट बघून एकदोन बंद केल्यावर घरच्यांना "बरेच आधीसारखे झाले" असं म्हणताना मी ऐकलंय.

हे सगळं बघून झाल्यावरही घसरण चालूच असेल तर मग अल्झायमरची जैविक खूण शोधायची. अमायलॉइड पेट स्कॅन, पाठीच्या कण्यातल्या पाण्याची तपासणी, आणि आता पी-टाऊ २१७ ही रक्ताची तपासणीही आलीय. रक्ताच्या टेस्टबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. किडनी कमजोर असेल तर हा आकडा खोटा वर जाऊ शकतो. आणि ताज्या दुखापतीनंतर लगेच करू नका, कारण मारामुळेही टाऊ रक्तात उतरतं. २३ वर्षांपूर्वीच्या माराने आत्ताचा आकडा बिघडत नाही, तेव्हा ती काळजी नको. ही टेस्ट लक्षणं असलेल्या माणसात, डॉक्टरांच्या सल्ल्याने करायची असते, लक्षणं नसताना उत्सुकता म्हणून नाही.

एपीओई जीनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. ई-४ हा प्रकार असेल तर अल्झायमरचा धोका तसाही वाढतो, आणि १९९५ च्या एका अभ्यासात ई-४ आणि डोक्याचा मार दोन्ही असलेल्यांमध्ये धोका दहा पट निघाला होता, नुसत्या ई-४ मध्ये दोन पट. आकडा जबरदस्त आहे म्हणून खूप पसरला, पण नंतरच्या अभ्यासांत एवढा फरक प्रत्येक वेळी दिसला नाही. निदानासाठी मी ही टेस्ट सांगत नाही. फक्त अमायलॉइड काढून टाकणारी नवीन इंजेक्शनं, लेकानेमॅब वगैरे, द्यायचा विचार असेल तर करतो, कारण ई-४ च्या दोन प्रती असणाऱ्यांना त्या औषधांनी मेंदूत सूज आणि रक्तस्राव व्हायचा धोका जास्त असतो.

आणि या औषधांच्या बाबतीत जुना अपघात अजून एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. मारात बारीक बारीक रक्तस्राव झालेले असतात, त्यांचे लोहाचे डाग मेंदूत वर्षानुवर्षं राहतात आणि एमआरआयच्या एसडब्ल्यूआय नावाच्या सिक्वेन्समध्ये काळे ठिपके म्हणून दिसतात. चारपेक्षा जास्त ठिपके असतील तर साधारणपणे ही इंजेक्शनं देत नाहीत. तेव्हा एमआरआय करताना एसडब्ल्यूआय घ्यायला सांगा आणि अपघाताची माहिती रेडिओलॉजिस्टला आधीच द्या, नाहीतर ते ठिपके दुसऱ्याच कशाचे तरी समजले जातील. डोनेपेझिलसारख्या अल्झायमरच्या जुन्या गोळ्यांना ही अडचण नाही, मात्र नाडी मंद असेल किंवा फिट्स येत असतील तर त्याही जपून.

आता तुमच्याबद्दल. फुटबॉलमध्ये दोनतीनदा लागलं, त्यात तुम्ही बेशुद्ध झालात असं लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा सौम्य कन्कशन, मेंदूला बसलेला हलका धक्का. वर सांगितलेला हिशोब आठवा, असा मार लागलेल्या बहुतेकांना डिमेन्शिया होत नाही. वडिलांना अल्झायमर निघाला तरी ६५ नंतर सुरू झालेला अल्झायमर सहसा थेट वारशाने येणारा नसतो, धोका थोडा वाढतो एवढंच. झालेला मार परत घेता येत नाही, पण पुढचा टाळता येतो, आणि माझ्या मते तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे कारण मारांची संख्या वाढली तसा धोका वाढत गेलेला दिसतो. डोक्याला लागल्यावर त्याच दिवशी परत मैदानात उतरायचं नाही, डोकं दुखणं, गरगरणं, प्रकाश सहन न होणं पूर्ण थांबेपर्यंत संपर्काचा खेळ नाही, गाडीवर हेल्मेट पट्टा लावून. बाकी ब्लडप्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल, ऐकू येणं, सिगारेट, या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात पण एका जुन्या कन्कशनपेक्षा तुमच्या मेंदूला त्यांनीच जास्त फरक पडणार आहे. आता झोप उडालीय म्हणता, तर विसरायला झालं तर ते आधी त्या अपुऱ्या झोपेमुळे असेल.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर तारीखवार लिहून न्या. पहिली चूक कधी लक्षात आली आणि काय होती, दर सहा महिन्यांनी काय वाढलं, कुठलं काम आधी जमायचं आणि आता जमत नाही. हे बाबांसमोर बोलायला अवघड जातं, म्हणून लिहूनच द्या. बरोबर सगळ्या गोळ्यांची पाकिटं, नुसती नावं नाही, आणि जुना डिस्चार्ज कागद सापडला तर तो. जुन्या मारामुळे आहे असं परत कोणी म्हणालं तर एकच विचारा, "मग मधली वीस वर्षं बरे का होते?"

एमआरआय आधीच झाला असेल तर त्याच्या रिपोर्टमधला निष्कर्षाचा भाग आणि गोळ्यांची यादी इथे टाका, नाव आणि हॉस्पिटलचं नाव खोडून. बाबा अलीकडे पडलेत का आणि चालण्यात काही फरक वाटतो का तेही लिहा, त्यावर स्कॅन किती घाईने करायचा ते ठरेल.